‘-स्की’ म्हणजे सरदार घराणेच का?

‘-स्की’ने संपणारे प्रत्येक पोलिश आडनाव सरदार घराण्याचे असते, असे सरसकट म्हटले जाते; या विधानाला थोडी मर्यादा घालावीशी वाटते. पंधराव्या शतकाच्या आसपास जमीनदार वर्गाने आपल्या गावाच्या नावावरून अशी विशेषणरूपी आडनावे घेतली, हे खरेच आहे. तार्नुवचे मालक ते तार्नोव्स्की, अगदी आपल्याकडच्या ‘-कर’सारखे. मात्र पुढे या प्रत्ययाला प्रतिष्ठा लाभल्यामुळे शहरी कारागीर आणि शेतकरीही तो आपल्या मूळ नावाला जोडू लागले, आणि म्हणूनच लोहार या अर्थाच्या ‘कोवाल’पासून झालेले कोवाल्स्की आज पोलंडमधील सर्वाधिक प्रचलित आडनावांपैकी एक आहे. तेव्हा केवळ प्रत्ययावरून कुळ ठरवणे धोक्याचे आहे. कुलचिन्हावरूनही ते ठरत नाही, कारण लेलिवासारखे एकच चिन्ह अनेक स्वतंत्र घराणी वापरत असत.

सर्वांत जास्त आढळणारे नोवाक हे आडनाव मूळचे नवख्या माणसाचे, म्हणजे गावात नव्याने येऊन राहिलेल्याचे आहे.

स्त्रियांच्या आडनावांकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे. कोवाल्स्कीची पत्नी व मुलगी दोघीही कोवाल्स्का होतात. नोवाकच्या बाबतीत पूर्वी पत्नीला नोवाकोवा आणि अविवाहित मुलीला नोवाकुव्ना म्हणत, त्यामुळे जुन्या नोंदींत स्त्रीची वैवाहिक स्थिती आडनावावरूनच कळते. वंशावळ शोधणाऱ्यांनी ही रूपे वेगळी आडनावे समजून सोडून देऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.