घरातलं वायफाय मागच्या कारखान्यात कसं न्यावं?

मागवाला_पूर्वभाग
घर आणि यंत्रमागाचा कारखाना वेगवेगळे, मध्ये साधारण ६० मीटर मोकळी जागा. कारखान्याला पत्र्याचं छत, वीजमीटर वेगळं, थ्री फेज. तिथे ४ कॅमेरे आणि हिशोबाचा एक कॉम्प्युटर चालवायचा आहे. एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे देणारा डबा) लावलाय, मोबाईलवर कांड्या पूर्ण दिसतात, पण नेट रांगतं. सोलापुरात मिळेल अशा सामानात पक्कं काम कसं करावं?

केबल_जोडणी
दादा, त्या कांड्या मोबाईल आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या आहेत. एक्स्टेंडरला राऊटर कितपत ऐकू येतो, हे त्यात दिसत नाही. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच चॅनलवर घेतो आणि पुढे देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यात पत्रा सिग्नल परतवतो. म्हणून तिथपर्यंत वायरच न्या.

लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे तुमचं अंतर बसतं. कॅट ६ प्रकारची घ्या, पण शुद्ध तांब्याची. तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. बाहेरच्या कामाला काळं आवरण हवं. घरातली राखाडी केबल आपल्या उन्हात तडकते.

फायबर_करा_की
अंतर बसतं हे खरं, पण इथे तांबं नकोच. मीटर दोन म्हणजे अर्थिंगही दोन. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्ही अर्थिंगमधला दाब क्षणभर वेगळा होतो आणि तो फरक केबलवाटे दोन्हीकडचे पोर्ट जाळतो. त्याऐवजी फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल टाका. काचेतून वीज जातच नाही.

सामान असं: सिंगल मोड ड्रॉप केबल (घरापर्यंत नेतात ती बारीक फायबर) ७५ मीटर, २ कोअरची म्हणजे आत दोन काचतंतू असलेली (एक वापरायची, एक राखीव), गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करणारे डबे) ए-बी जोडी आणि २५ मिमी पीव्हीसी पाईप. दोन्हीकडे ए-ए लावलं तर लिंक येणार नाही, कारण एकाची पाठवायची तरंगलांबी दुसऱ्याची घ्यायची असते. कन्व्हर्टरचं तोंड निळं असेल तर पिगटेलही (केबलच्या टोकाला जोडायचा कनेक्टरवाला तुकडा) निळ्याच कनेक्टरचं. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घातलं की सिग्नल पडतो.

ड्रॉप केबलमध्ये बहुतेक वेळा लोखंडी तार असते. ती राहिली तर फायबर टाकूनही वीज आत यायला वाट मिळतेच. म्हणून बिनधातूची केबल मागा. पाईप दीड फूट खोल पुरा, कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घाला. केबल ओढून झाल्यावरच टोकं फ्युजन स्प्लायसिंगवाल्याकडून (काच वितळवून सांधणाऱ्याकडून) जोडून घ्या.

नेटवर्क_सोलापूर
कारखान्यातलं राहिलं, ते सांगतो. तिथला राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. तो मोड नसेल तर डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.२ (घरचा १९२.१६८.१.१ असेल तर) आणि वायर लॅन पोर्टात, वॅनमध्ये (इंटरनेट आत घेण्याच्या पोर्टात) नाही. नाव-पासवर्ड घरचेच ठेवा, चॅनल वेगळा: घरी १ तर तिकडे ६ किंवा ११.

पत्र्याला चिकटवून बसवू नका, मे महिन्यात तिथला उकाडा उपकरणाला सोसत नाही. भिंतीवर आठ-नऊ फुटांवर ठीक. लोखंडी पेटीत ठेवला तर सिग्नल पेटीतच राहील, प्लास्टिकची घ्या. सुताचे तंतू जाळीत अडकून हवा बंद होते, दर आठवड्याला ब्लोअर मारा. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर कारखान्यातच ठेवा, मग घराकडची लाईन मोकळी राहते. छोटा यूपीएस मात्र दोन्हीकडे लागेल.

मागवाला_पूर्वभाग
मधला बोळ सामायिक आहे, शेजारी खोदू देणार नाहीत. मग?

फायबर_करा_की
मग ५ गिगाहर्ट्झचे दोन आउटडोअर सीपीई (समोरासमोर लावून बिनतारी जोडणी करणारे अँटेनावाले डबे), एक घराच्या गच्चीवर, एक कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर. तिथून आत मात्र वायरच न्या. एकमेकांना थेट दिसले पाहिजेत. मध्ये लिंबाची फांदी आली तरी वेग गडगडतो. एवढ्या कमी अंतरात पॉवर कमी करा, सिग्नल उणे ५० ते ६० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दरम्यान ठेवा. फारच तगडा झाला की समोरचा रिसीव्हर गुदमरतो आणि डेटाची पॅकेट गळतात. गच्चीवरून खाली येणाऱ्या लॅन वायरला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) लावा आणि त्याची अर्थ वायर त्याच इमारतीच्या अर्थिंगला जोडा.