व्यावसायिक आइस हॉकीत एन्फोर्सर आणि मारामारी यांना जागा असावी का?

निळी रेषा (प्रश्न):
उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे सामने पाहू लागल्यापासून एक गोष्ट मला पटत नाही. दोन खेळाडू ग्लोव्ह्ज बर्फावर टाकतात, एकमेकांची जर्सी धरून ठोसे मारतात आणि त्यांच्यातला एक जण खाली पडेपर्यंत लाइन्समन (सहायक पंच) बहुतेक वेळा बाजूला उभे राहतात. मग दोघेही पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसून पुन्हा खेळायला येतात. हेच ऑलिंपिकमध्ये केले, तर खेळाडूला सामन्याबाहेर जावे लागते. संघात एन्फोर्सर, म्हणजे सहकाऱ्यांच्या संरक्षणासाठी मारामारीला उतरणारा खेळाडू, असला की प्रतिस्पर्धी कुशल खेळाडूंच्या वाटेला जात नाहीत, असे समर्थक सांगतात. यात खरोखर तथ्य आहे का? हा खेळ बरीच वर्षे पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चौथी फळी:
तथ्य आहे, असे माझे मत आहे. पंचांची नजर पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर असते. पक पुढे गेल्यावर मागे कोणी कोणाच्या मनगटावर स्टिक हाणली, कोणाचे कोपर कोणाच्या जबड्यावर बसले, हे त्यांना दर वेळी दिसत नाही. त्याचा जाब विचारणारा कोणीतरी बर्फावर असावा, ही खेळाडूंमधली जुनी समज आहे. १९८० च्या दशकात एडमंटन ऑइलर्सच्या वेन ग्रेट्झ्की या अव्वल खेळाडूला धक्का देण्याआधी प्रतिस्पर्ध्याला त्याच संघातल्या डेव्ह सेमेन्को या एन्फोर्सरचा विचार करावा लागे. १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तेव्हा मार्टी मॅकसोर्ली हा एन्फोर्सरही त्याच व्यवहारात त्याच्याबरोबर गेला. संघ अशा माणसावर उगाच पैसा खर्च करत नाहीत. शिवाय या मारामारीला अलिखित मर्यादा आहेत: पडलेल्यावर हात उचलायचा नाही आणि बेसावध माणसावर तुटून पडायचे नाही. १९९२ च्या हंगामापासून भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा होऊ लागली आणि तिथून हा धाक ओसरला.

तिसरा पिरियड:
आपण मॅकसोर्लीचे नाव घेतलेत, तर त्याच्याच बाबतीत पुढे काय झाले तेही पाहावे. फेब्रुवारी २००० मध्ये तो बॉस्टनकडून व्हँकूव्हरविरुद्ध खेळत होता. सामन्याच्या सुरुवातीलाच डोनाल्ड ब्रॅशियरने त्याला मारामारीत नमवले आणि नंतर पुन्हा भिडायला नकार दिला. सामना संपायला जेमतेम तीन सेकंद उरले असताना मॅकसोर्लीने मागून येऊन ब्रॅशियरच्या डोक्यावर स्टिक हाणली. तो कोसळला आणि त्याचे डोके बर्फावर आपटले. न्यायालयाने मॅकसोर्लीला दोषी ठरवले आणि त्यानंतर तो या लीगमध्ये कधीच खेळला नाही. अलिखित मर्यादा पाळण्याची ज्याच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा होती, त्याच्याच हातून हे घडले.

त्याहून बोलके उदाहरण स्टीव्ह मूरचे आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये कोलोरॅडोच्या मूरने व्हँकूव्हरचा कर्णधार मार्कस नेस्लुंडला जोरदार धडक दिली आणि मूरला ना पेनल्टी झाली ना निलंबन. ८ मार्चला याच दोन संघांच्या सामन्यात पहिल्याच पिरियडमध्ये मूर व्हँकूव्हरच्या मॅट कुकशी रीतसर भिडला, म्हणजे आपण सांगता त्या रिवाजाप्रमाणे प्रकरण तिथे मिटायला हवे होते. तरीही तिसऱ्या पिरियडमध्ये व्हँकूव्हरच्याच टॉड बर्टुझीने मागून ठोसा मारून मूरला बर्फावर आपटले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले आणि त्याची कारकीर्द संपली. सूड पुरा झाला हे ठरवणारा कोणीच नसतो, म्हणून या व्यवस्थेवर माझा विश्वास नाही.

पिवळे हेल्मेट:
इतरांच्या संरक्षणासाठी ज्याला पुढे केले जाते, त्याचे काय होते, हेही विचारात घ्यायला हवे. मिनेसोटा आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून २७७ सामन्यांत डेरेक बोगार्डने फक्त ३ गोल केले, कारण त्याचे काम गोल करण्याचे नव्हतेच. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांच्या एकत्रित परिणामाने तो गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. बॉस्टन विद्यापीठातील तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा विकार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी या विकाराचा संबंध जोडला जातो. त्याच्याआधी वारलेल्या बॉब प्रोबर्ट या नामवंत एन्फोर्सरच्या मेंदूतही तेच आढळले होते. ग्रेट्झ्कीच्या पिढीला हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. आज कोणत्याही संघमालकाला तसे म्हणता येणार नाही.

निळी रेषा:
उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. पण मारामारी बंद केली, तर पंचांच्या नजरेतून सुटलेल्या धडकेला आळा कोण घालणार?

तिसरा पिरियड:
निलंबन घालील, पण ते खरोखर जाचक असेल तरच. मे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने रेंजर्सच्या दोन खेळाडूंशी धसमुसळेपणा केला. त्यात आर्टेमी पानारिनचा हंगाम संपला आणि विल्सनला फक्त ५,००० डॉलर दंड झाला. दोनच दिवसांनी हेच संघ पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा सामना सुरू करायला पक पडताक्षणी सहा खेळाडूंनी ग्लोव्ह्ज टाकले. लीगने विल्सनला त्याच वेळी निलंबित केले असते, तर त्या रात्री तो बर्फावर उतरलाच नसता. २०१५ मध्ये डोक्यावर धडक दिल्याबद्दल राफी टोरेसला ४१ सामने बाहेर बसवले होते, म्हणजे हा अधिकार लीगकडे आहे. तो दर वेळी वापरावा आणि ग्लोव्ह्ज टाकणाऱ्या दोघांनाही उरलेल्या सामन्यातून बाहेर काढावे, एवढेच माझे म्हणणे आहे.