प्रति: जोड निसटला की रिले ट्रिप करतोच?
विजेचा जोड निसटला की रिले (बिघाड ओळखून पुरवठा तोडायला लावणारं उपकरण) ट्रिप करतोच, हे म्हणणं तिन्ही फेज गेले तर खरं; एकच गेला तर तसं होईलच असं नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या बायरन अणुऊर्जा केंद्रात ३० जानेवारी २०१२ ला स्विचयार्डातला (बाहेरची वीज जिथे येते त्या आवारातला) इन्सुलेटर तुटला आणि युनिट २ च्या बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याचा एकच फेज गेला. अणुभट्टी आपोआप बंद झाली, ते ठीक. पण सुरक्षा बसवरच्या (सुरक्षा यंत्रणांना वीज देणाऱ्या पट्टीवरच्या) दोन्ही अंडरव्होल्टेज, म्हणजे व्होल्टेज घटलं की ओळखणाऱ्या, रिलेंनी एकमताने कौल दिला तरच पुढची हालचाल, अशी रचना होती, आणि एका रिलेला व्होल्टेज ठणठणीत दिसत होतं! त्यामुळे आणीबाणीसाठीचे डिझेल जनरेटर गप्पच. साधारण आठ मिनिटांनी ऑपरेटरांनी हाताने बाहेरच्या पुरवठ्याचा ब्रेकर उघडला (म्हणजे तो पुरवठा तोडला) तेव्हा कुठे ते चालू झाले.

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरलासुद्धा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला तरी मोटर बंद करणारं उपकरण) असतो. अमेरिकेत मात्र अणुऊर्जा नियामक एनआरसीने या घटनेनंतर त्याच वर्षी बुलेटिन काढून बाकी केंद्रांकडेही याचा खुलासा मागितला.