भाऊ फायरफायटर होतोय, पण खाणं बघवत नाही

प्रश्न: धाकटा भाऊ २४ चा, इथे न्यू जर्सीत फायर अकादमीत आहे, अंगाने धडधाकट पण रोज पिझ्झा, सोडा आणि झोपेचं खोबरं. आई आगीला भिते, मला त्याच्या हार्टची काळजी. उगाच घाबरतेय का मी?

रिप्लाय १: उगाच नाही. २००७ च्या हार्वर्डच्या अभ्यासात अमेरिकेत ड्युटीवर असताना मृत्यू झालेल्या फायरफायटरांपैकी ४५% हार्टनेच गेलेले, आणि त्यातले ३२% ऐन आग विझवताना, खरंतर त्या कामात वेळ जातो जेमतेम १ ते ५%. गाढ झोपेतून उठून वीसेक किलोचं ओझं चढवून जिने पळायचे, हार्टचं काय होत असेल!

रिप्लाय २: हार्टसाठी त्याला मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं खाणं लावा. ते म्हणजे नुसता घासफूस नाही हो ताई, ऑलिव्ह ऑइल, कडधान्यं, मासे, मूठभर अक्रोड, दुपारची डुलकी आणि चार जणांत बसून जेवण. स्टेशनात सगळे एकत्रच जेवतात, म्हणजे तेवढं तरी आयतंच झालं. मसुराची उसळ शिकवा त्याला, मोठ्या पातेल्यात छान होते.

रिप्लाय ३: पुशअप्स मोजा. २०१९ मध्ये इंडियानातल्या फायरफायटरांवरचा पेपर आला, ४० च्या वर काढणाऱ्यांना पुढच्या १० वर्षांत १० च्या आत दमणाऱ्यांपेक्षा हार्टचा त्रास फारच कमी.

प्रश्नकर्ती: ३८ निघाले. म्हणतो उरलेले २ पिझ्झ्यानंतर 😑