मदत हवी आहे: पोर्तुगालमधलं मार्व्हाँव, कास्तेलो द व्हीद आणि आसपासचा डोंगराळ भाग, काय पाहावं?

नमस्कार मंडळी,

मेअखेरीस आई-बाबांना घेऊन पोर्तुगालला जायचं ठरतंय. मी जर्मनीत असते, ते दोघं नगरहून येतील. लिस्बन आणि पोर्तोची माहिती ढीगभर मिळाली, तिथली चिंता नाही. मला अडलंय ते पुढच्या टप्प्यात. चार-पाच दिवस स्पेनच्या सीमेलगत, आलेंतेजो प्रांताच्या उत्तर टोकाला, अगदी खेड्यापाड्यांत घालवायचे आहेत आणि त्या भागाबद्दल मराठीत काहीच हाती लागलं नाही.

तिथेच का, तर त्याला कारण आहे. बाबा वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि गार्सिया द ओर्ता हा त्यांच्या जिव्हाळ्याचा माणूस. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला तो कायमचाच. हिंग, कापूर, आंबा, नारळ, विड्याचं पान अशा आपल्याकडच्या वनस्पतींवर त्याने संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आम्हा नगरकरांना त्याहून जवळची गोष्ट म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याचा रुग्णही होता आणि स्नेहीही. या ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास कास्तेलो द व्हीद इथे झाला. बाबांना ते गाव एकदा डोळे भरून बघायचंय. लहानपणापासून त्यांच्या तोंडून हे नाव ऐकत आलेय, त्यामुळे ही सहल नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मी केलेला कच्चा आराखडा असा: लिस्बनहून एव्होरा, मग मोन्साराज, एल्वाश, मार्व्हाँव, कास्तेलो द व्हीद. प्रत्येक ठिकाणी एक मुक्काम. हे जमण्यासारखं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी आहे (अंडं चालतं). गाडी मी चालवणार. किल्ले-वाड्यांइतकंच झाडं, नदी, पक्षी असं काही असेल तर बाबा जास्त रमतील. बुचाची झाडं (आपल्याकडचा फुलांचा बुच नव्हे, तर ज्याच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात तो ओक) जवळून बघता येतील का, हा त्यांचा खास प्रश्न आहे.

लिस्बनकर:

ताई, आधी स्पष्ट सांगतो. रोज सामान बांधायचं आणि रोज नवं हॉटेल, हे आई-बाबांसोबत करू नका. मोन्साराज सुंदर आहे, पण ते पार दक्षिणेला पडतं. या वेळी सोडा. कास्तेलो द व्हीदलाच सगळे दिवस मुक्काम ठेवा आणि तिथून रोज थोडं थोडं फिरा. मार्व्हाँव तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटर आहे. लिस्बनहून कास्तेलो द व्हीदला गाडीने साधारण अडीच तास लागतात. एव्होरा परतीच्या वाटेवर एका दिवसात उरका. रोमन देवळाचे खांब, हाडांचं चॅपेल आणि शहराबाहेर आल्मेंद्रेशची शिळावर्तुळं. तिथे ९० हून जास्त उभ्या शिळा आहेत आणि त्या स्टोनहेंजपेक्षाही जुन्या आहेत. एल्वाशचा चार मजली कमानींचा जलसेतू बघण्याजोगा आहे, वाट थोडी वाकडी केली तर जाता येईल.

आता मुख्य गाव. कास्तेलो द व्हीदमधला ज्यूंचा मोहल्ला, म्हणजे जुदियारिया, हाच ओर्ताला समजून घ्यायचा भाग. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा कितीतरी कुटुंबं ही सीमा ओलांडून या गावांत आली. ओर्ताचे आईवडीलही मूळचे सीमेपलीकडचेच. पाच वर्षांत पोर्तुगालने त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. म्हणजे ओर्ता जन्मला तो बाहेरून ख्रिस्ती आणि घरात आठवणी ज्यूंच्या, अशा कुटुंबात. त्या गल्ल्यांमधून चालताना घरांच्या दगडी चौकटी नीट बघा. टोकदार कमानी आहेत, काहींवर कोरीवकाम आहे. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागेत आता छोटं संग्रहालय आहे. तिथे दाराच्या चौकटीत एक खाच दिसते. ज्यू कुटुंबं दाराशी धर्मवचन ठेवतात, ती त्याची जागा. लाखभर पानं वाचून जे कळणार नाही ते त्या खाचेवर बोट ठेवलं की कळतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर गल्ल्या चढाच्या आहेत आणि फरसबंदी गुळगुळीत झालेली आहे. उतार गुडघ्यांना जास्त लागतो, म्हणून खाली फोन्त द व्हिलापासून सुरुवात करा. हे सोळाव्या शतकातलं कारंजं, सहा खांबांवर छत, चारी बाजूंनी पाणी. तिथे निवांत बसा आणि मग हळूहळू वर किल्ल्याकडे चढा. रबरी तळव्यांचे बूट हवेतच.

मार्व्हाँवला संध्याकाळी जा. गाव ८०० मीटरहून उंच खडकावर आहे आणि सगळं तटबंदीच्या आत. नवव्या शतकातल्या इब्न मरवान या बंडखोर सरदाराचा हा गड, पुढे राजा दिनिशने १२९९ च्या सुमारास नव्याने बांधून काढला. तटावरून खाली बघितलं की गिधाडं आणि घारी आपल्या पायाखाली घिरट्या घालताना दिसतात, त्यांच्या पाठी दिसतात. बाबांसाठी दुर्बीण न्या. किल्ल्याच्या आत पावसाचं पाणी साठवायचं मोठं टाकं आहे. तिथे हलकेच हाक मारली तरी आवाज घुमत राहतो. तटावरच्या पायऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेवढं सांभाळा. बाबांनी तट चढला नाही तरी किल्ल्याखालच्या बागेतूनही नजारा दिसतो.

धागाकर्ती:

किती नेमकं लिहिलंत! कास्तेलो द व्हीदचा मुक्काम पक्का करते. बुचाच्या झाडांबद्दल आणि खाण्याबद्दलही सांगाल का?

लिस्बनकर:

बुचाची झाडं शोधायला जावं लागणार नाही, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच आहेत. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत साल काढायचा हंगाम असतो, त्यामुळे तुमची वेळ बरोबर जमलीय. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीने साल उभी चिरायची आणि आतल्या जिवंत थराला धक्का न लावता ती अख्खी पट्टी सोडवायची, असं कसबी काम आहे. कुऱ्हाड खोल गेली तर झाड जखमी होतं. नुकतं सोललेलं खोड गेरूसारखं तांबूस दिसतं. खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला असतो, तो सोलणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे ७ दिसला तर २०१७ ची सोलणी, पुढची नऊ वर्षांनी, २०२६ मध्ये. पहिली सोलणीच मुळी झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर. शेतं खासगी असतात, तेव्हा कुंपण ओलांडू नका. काम चालू असेल तर लांबून हात करून विचारा.

हा सगळा भाग सेर्रा द साँव मामेद या डोंगररांगेच्या संरक्षित निसर्गोद्यानात येतो. शिखर हजार मीटरच्या थोडं वर, पण तेजो (टेगस) नदीच्या दक्षिणेकडच्या मुख्य भूमीत त्याहून उंच काही नाही. बाबांना एक गोष्ट जरूर दाखवा: उत्तर उतारावर चेस्टनट आणि ओक, दमट हवेतली झाडं, दक्षिण उतारावर गेलात की कोरड्या हवेतले बुचाचे आणि सदाहरित ओक. एका डोंगरात दोन हवामानं आहेत. मार्व्हाँवच्या पायथ्याला पोर्ताझेंमध्ये सेव्हेर नदीवर जुना पूल आहे, काठावर झाडांची सावली आहे. आईंना तिथे बसायला आवडेल. तिथून जवळच आमाया या रोमन नगराचे अवशेष आणि छान संग्रहालय आहे.

आणखी एक, कास्तेलो द व्हीदच्या उत्तरेला मेआदाचा मेन्हिर. सात मीटरहून उंच एकच उभी शिळा, इबेरियात इतकी उंच दुसरी नाही. ती दोन तुकडे होऊन पडली होती, १९९३ मध्ये पुन्हा उभी केली. शेवटचा रस्ता कच्चा आहे. ऊन चढायच्या आत जा.

खाण्यात आईंसाठी आसोर्दा मागा. खलबत्त्यात लसूण, कोथिंबीर आणि मीठ वाटतात, त्यावर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर अंडं. वास येताक्षणी घरचं वाटेल. कुठे कुठे त्यात खारवलेला मासा घालतात, म्हणून मांस नको आणि मासाही नको, असं दोन्ही सांगायचं. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. निझा गावचं मेंढीच्या दुधाचं चीज इथलंच, आणि ते प्राण्याच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणाने) नाही, एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, त्यामुळे आईंना बिनदिक्कत चालेल. सफरचंद घातलेली बोलेइमा बेकरीत मिळते, ती ज्यूंच्या बिनखमिराच्या पावाच्या परंपरेतली मानतात.

पणजीकर:

उत्तम धागा. दोन गोष्टी जोडतो. पणजीत चर्चजवळची म्युनिसिपल बाग एकेकाळी ओर्ताच्याच नावाची होती. बाबा गोव्यात आले तर तिथे जरूर जावं. दुसरं म्हणजे ओर्ताची कहाणी पुस्तकापाशी संपत नाही. तो १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. ज्याने इथल्या वैद्यांकडून शिकून युरोपला शहाणं केलं त्याला थडगंसुद्धा ठेवलं नाही. हे वाचल्यावर मला ते गाव नुसतं पर्यटनस्थळ वाटत नाही.

त्याच गावचा आणखी एक सुपुत्र म्हणजे कॅप्टन साल्गेइरु माया, जन्म १९४४. २५ एप्रिल १९७४ ला सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरला आणि हुकूमशाही कोसळली. त्यानंतरच्या सरकारने त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. मायाची कबर कास्तेलो द व्हीदच्या दफनभूमीत आहे. आम्हा गोंयकारांना तिथे फुलं वाहावीशी वाटतात.

धागाकर्ती:

पणजीकर, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कबरीवर आपणही जाऊ. तुमच्या वतीनेही फुलं वाहीन.

एक शेवटची शंका. गाडीऐवजी बस किंवा ट्रेनने जमेल का? आईला डोंगरातल्या वळणांची धास्ती आहे.

लिस्बनकर:

ट्रेनचा नाद सोडा. मार्व्हाँवजवळचं बेइराँचं स्टेशन निळ्या-रंगीत टाइल्सनी सजलेलं आहे, पण तिथली प्रवासी वाहतूक २०१२ मध्ये थांबली. बघायला मात्र जा. बसच्या फेऱ्या मोजक्या आणि मेन्हिर, आमाया, नदी यातलं काहीच बसने नीट होत नाही. गाडीच घ्या, रस्ते चांगले आहेत आणि वर्दळ नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आत्ताच बुक करा, हंगामात ती मिळत नाही. वळणं शेवटच्या टप्प्यातच आहेत. आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि मार्व्हाँवला गाडी तटाबाहेरच लावा, आतल्या गल्ल्यांत शिरलात तर वळवायला जागा मिळत नाही.