‘विशिष्ट पूर्तता’ : विकसन करारनाम्याच्या दाव्यात विकसक नेमकं काय मागतो?

प्रश्न :
जमीनमालक आणि विकसक यांच्यातल्या एका दिवाणी निकालाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. विकसकाची मागणी ‘स्पेसिफिक परफॉर्मन्स’ची आहे. मराठीत ‘विनिर्दिष्ट पालन’, ‘विशिष्ट पूर्तता’ आणि ‘करारपूर्ती’ असे तिन्ही शब्द वाचनात आले. माझे वाचक वकील नाहीत. यातला कोणता घ्यावा? सरळ ‘कराराची अंमलबजावणी’ म्हटलं तर काय बिघडतं?

प्रतिसाद :
‘अंमलबजावणी’ नको. कोर्टात हा शब्द हुकूमनाम्याच्या मागे लागतो. दावा जिंकल्यावर दरखास्त दाखल होते, ती अंमलबजावणी. इथे आपण अजून दाव्यातच आहोत.

‘विशिष्ट पूर्तता’ वकिलांच्या सरावाचा आहे, पण इतरांना त्यातून ‘कराराचा ठरावीक भाग पुरा करणे’ असं वाटतं. खरा रोख वेगळा आहे : नुकसानभरपाईचे पैसे देऊन सुटता येणार नाही, जे कबूल केलं तेच करून द्या. पहिल्या उल्लेखात एवढं एका वाक्यात सांगा, पुढे खुशाल ‘करारपूर्ती’ वापरा. ‘विनिर्दिष्ट’ राजपत्रात शोभतो, तिथेच राहू दे.

प्रतिसाद :
वरच्याशी सहमत, पण शब्द ठरला म्हणून अर्थ ठरला असं होत नाही. साठेखताच्या, म्हणजे मिळकत पुढे विकण्याच्या कराराच्या, दाव्यात पूर्तता म्हणजे मुख्यतः एकच कृती, खरेदीखत करून देणं. मालक अडून बसला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ३४ खाली कोर्ट त्याच्या वतीने दस्तावर सही करून देतं. विकसन करारनाम्यात मात्र ताबा, कुलमुखत्यारपत्र, नकाशे, परवानग्या, प्रत्यक्ष बांधकाम, मालकाच्या वाट्याचे गाळे आणि विकसकाने विकायचा हिस्सा असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. सही कोर्ट करून देईल, स्लॅब थोडाच टाकून देणार! ज्या कर्तव्यावर सतत देखरेख ठेवणं कोर्टाला शक्य नाही, त्याची पूर्तता मागता येत नाही, असं स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम १४ सांगतं.

१९६३च्या या कायद्यात बांधकामाच्या करारांसाठी एक अपवाद होता. त्याच्या तीन अटी होत्या : कामाचं वर्णन पुरेसं नेमकं हवं, वादीचा त्यात भरीव हितसंबंध असून पैशाने भरपाई होण्यासारखी नसावी, आणि करारानुसार जमिनीचा ताबा प्रतिवादीला मिळालेला असावा. ही तिसरी अट मालक वादी असेल तर ठीक बसते. विकसक वादी असेल तर ताबा बहुधा त्याच्याचकडे असतो, म्हणजे अक्षरशः वाचलं तर त्याला कधीच दाद मिळायची नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ नाकारला. मिळकतीत हितसंबंध निर्माण झालेला विकसकही दावा लावू शकतो, असं ठरलं. त्या दाव्यातला विकसक मात्र हरलाच, कारण करारनामा मोघम होता. काय आणि किती बांधायचं हेच त्यात धड लिहिलेलं नव्हतं.

प्रश्नकर्ती :
म्हणजे करारनाम्याला ‘विकसन’ हे नाव असणं पुरेसं नाही?

प्रतिसाद :
मथळ्याला फार किंमत देऊ नका. मजुरी घेऊन इमारत बांधून देणारा तो कंत्राटदार. मालकाने पैसे थकवले तर तो पैसेच मागेल. स्वतःचा पैसा घालून बांधणारा आणि मोबदल्यात काही गाळे विकण्याचा हक्क मिळवणारा तो विकसक. मुंबई उच्च न्यायालयाचा २००७चा छेडा हाउसिंग निकाल याच फरकासाठी वकिलांच्या तोंडी असतो. तुमच्या गोषवाऱ्यात ‘बिल्डर’ लिहिलंत तर दोघे एक होतील.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०१८ पासून सुधारित कायदा लागू झाला. पूर्तता देणं पूर्वी कोर्टाच्या स्वेच्छाधिकारात होतं. आता कायद्यातले अपवाद सोडले तर ती द्यावीच लागते. बांधकामाचा जुना अपवाद गेला, पण देखरेखीचा अडसर कलम १४ मध्ये आहेच. त्यामुळे वाद कोणत्या कायद्याखालचा आहे ते आधी पाहा. कलम २० मध्ये ‘पर्यायी पूर्तता’ही आली आहे : किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि खर्च कसूरदाराकडून वसूल करायचा. एकदा ती वाट धरली की मूळ पूर्तता मागता येत नाही. दोन्हींसाठी नुसतं ‘पूर्तता’ लिहू नका.

प्रश्नकर्ती :
मग वाक्य असं करते : “भरपाई नको, करारात कबूल केल्याप्रमाणे मालकाने कुलमुखत्यारपत्र व नकाशांवर सह्या द्याव्यात आणि विकसकाच्या ताब्यात अडथळा आणू नये, अशी करारपूर्तीची मागणी विकसकाने केली.”

प्रतिसाद :
छान. फक्त विकसक स्वतःचा वाटा उचलायला ‘तयार आणि इच्छुक’ होता का, यावर कोर्टाने काय म्हटलं तेही घाला. कलम १६ मुळे दावे बऱ्याचदा तिथेच पडतात.