कासवाच्याही पुढे: ग्रीनलंड शार्क

कासव हा सर्वांत दीर्घायुषी प्राणी, असं अनेकदा म्हटलं जातं. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या कासवाचा जन्म साधारण १८३२ चा मानतात, म्हणजे ते थोरच. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ग्रीनलंड शार्क त्याच्या कितीतरी पुढे आहे.

त्याचं वय कसं कळलं, हे मला फार विलक्षण वाटतं. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, आणि या शार्कचे मणके तर इतके मऊ की इतर काही शार्कांसारखी त्यांवरची वलयं मोजायचीही सोय नाही. मात्र डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्मापूर्वीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. २०१६ साली संशोधकांनी २८ माद्यांच्या भिंगांतला कार्बन-१४ (किरणोत्सर्गी कार्बन, ज्याच्या प्रमाणावरून वय काढता येतं) तपासला. सर्वांत मोठी मादी पाच मीटरची होती. तिचं वय अंदाजे ३९२ वर्षं निघालं, कमीत कमी धरलं तरी २७२!

थंडगार पाणी, संथ हालचाल, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढ. मादी वयात येते ती सुमारे दीडशेव्या वर्षी. काळजी वाटते ती इथेच. यकृताच्या तेलासाठी पूर्वी हे मासे प्रचंड मारले गेले, आजही दुसऱ्या मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतात. दीडशे वर्षांची पोर पिल्लं होण्याआधीच गेली, तर ती जागा भरून यायला किती पिढ्या लागतील? आपल्या पिढ्या म्हणतोय मी.